हीटरवाल्यांच्या जोडीला खिडकीवाला

डेल्मार हॉवलंड उपगव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पडला.

वरील वाक्य इतिवृत्तातून काढून टाकण्यात आलं आहे. वाचकांनी ते वाचलंच नाही असं समजावं. निकालाआधी निकाल सांगणं प्रचारसमितीच्या आचारसंहितेत बसत नाही, आणि ही गोष्ट त्या संहितेला धरूनच सांगायची असं ठरलेलं आहे. तेव्हा डेल्मार पडलेला नाही. तो अजून निवडणुकीला उभाही राहिलेला नाही. मार्च महिना आहे, आणि तो आपल्या पशुखाद्याच्या दुकानात शिडीवर उभा आहे, एवढंच फार तर म्हणता येईल.

डेल्मारचं वय एकसष्ट. स्टॅव्हिग गावातून तो अठरा वर्षं विधानसभेवर निवडून येत होता. राज्यात पक्ष दोन. विधानसभेच्या जुन्या सभागृहात एका भिंतीला खिडक्या आहेत आणि समोरच्या भिंतीला हीटर. शंभर वर्षांपूर्वी जे ज्या भिंतीला बसले ते तिथेच राहिले, त्यावरून एका पक्षाला लोक खिडकीवाले म्हणतात आणि दुसऱ्याला हीटरवाले. खरी नावं छापील कागदांवर आहेत. दोघांच्या धोरणांत फरक काय, असं विचारलं तर खिडकीवाले सांगतात, की हीटरवाले ऊब खाऊन सुस्तावलेत. आणि हीटरवाले सांगतात, की खिडकीवाल्यांचं लक्ष कायम बाहेर. डेल्मार खिडकीवाला. बाप खिडकीवाला, आजोबा खिडकीवाले. आजोबा तर जानेवारीच्या एका लांबलेल्या अधिवेशनात खिडकीशेजारी बसून न्यूमोनियाने गेले, आणि हॉवलंड घराण्यात ते हौतात्म्य मानलं जातं.

अठरा वर्षांत डेल्मारने एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे विलो नदीवरचा पूल. पूल होता, म्हणजे अजूनही आहे. पण नऊ वर्षांपूर्वी एका तपासनिसाने त्याच्या कठड्याला टेकून सँडविच खाल्लं आणि कठडा सँडविचसकट नदीत गेला. तपासनीस वाचला. पूल त्या दिवसापासून बंद. आता स्टॅव्हिगची घरं आणि दुकानं अलीकडे, आणि शाळा, चर्च, काउंटीची कचेरी पलीकडे. मधे दोनशे पावलांची नदी आणि छत्तीस मैलांचा वळसा. डेल्मारची नात टेसा हिला घराच्या खिडकीतून शाळेचं घड्याळ दिसतं. ते घड्याळ पावणेसहा दाखवतं तेव्हा ती शाळेला निघते.

पुलाचा प्रस्ताव दरवर्षी खिडकीवाले मांडत आणि दरवर्षी हीटरवाले पाडत. यात वैर काही नव्हतं, रिवाज होता.

त्या मार्चमध्ये हीटरवाल्यांचे गव्हर्नरपदाचे उमेदवार रॉइस टँडबर्ग यांनी एक पाहणी करवून घेतली. राज्यातल्या एक्क्याऐंशी टक्के मतदारांनी सांगितलं, की दोन्ही पक्षांनी भांडणं सोडून हातात हात घालून काम करावं. पुढचा प्रश्न होता, ‘मग तुम्ही दुसऱ्या पक्षाच्या माणसाला मत द्याल का?’ त्याला तीन टक्के ‘हो’ म्हणाले. हा आकडा लोकांना ऐन जेवणाच्या वेळी फोन केल्यामुळे आला असावा, असं समितीचं मत पडलं आणि तो परिशिष्टात टाकण्यात आला. परिशिष्ट वेगळं छापायचं ठरलं. ते छापायचं राहिलं.

उरलेल्या एक्क्याऐंशी टक्क्यांवर समितीने ठराव केला: उपगव्हर्नरपदासाठी जोडीचा उमेदवार विरोधी पक्षातून घेण्यात यावा.

ठराव घेऊन प्रचारप्रमुख कॅसिडी व्हॉस स्टॅव्हिगला आली. एकोणतीस वर्षांची, राजधानीतली, आणि गुडघाभर चिखलात पांढरे बूट घालून येण्याइतकी आशावादी. तिच्या हातात अडतीस पानांचा अर्ज होता: ‘विरोधकत्व पडताळणी’.

“मिस्टर हॉवलंड,” ती शिडीखालून म्हणाली, “तुम्ही टँडबर्गसाहेबांबद्दल कधी वाईट बोलला आहात का?”

डेल्मार दोन पायऱ्या खाली आला. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे बोललात.”

“एकदाच. मर्नाच्या कॅफेत. तिथे सगळेच बोलतात.”

“नेमकं काय म्हणालात?”

“म्हटलं, टँडबर्ग म्हणजे पाऊस लागलेली पेंड. पोतं गच्च भरलेलं दिसतं, पण डुकरं तोंड लावत नाहीत.”

कॅसिडीने ते शब्दशः लिहून घेतलं. “उत्तम. साक्षीदार?”

“सगळा कॅफे. आणि दोन डुकरं पाळणारे.”

“फारच छान! तुमच्याआधी ज्यांचा विचार झाला, त्यांनी साहेबांबद्दल एक वावगा शब्द काढलेला सापडेना. नापास झाले बिचारे. असल्या माणसाला विरोधक कोण म्हणणार?” तिने पान उलटलं. “आता प्रश्न पंधरा. तुम्ही साहेबांशी यापुढे कधी असहमत होणार आहात का?”

“होईनच की.”

“इथे ‘नाही’ लिहायचं असतं.”

“पण मग मी विरोधक कसला?”

“ते प्रश्न चौदामध्ये सिद्ध झालंय ना,” कॅसिडी समजुतीच्या सुरात म्हणाली. “चौदा झाला भूतकाळ, पंधरा म्हणजे भविष्य. सगळ्यांचा गोंधळ होतो इथे.”

डेल्मारने अर्ज परत केला असता. त्याने तो अर्धा परत केलाही होता. पण तेवढ्यात त्याने विचारलं, “आणि पूल?”

“कसला पूल?”

त्याने दुकानाच्या मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथून पूल दिसत होता.

चौथ्या दिवशी स्वतः टँडबर्ग आले. मर्नाच्या कॅफेत बसून त्यांनी रुबार्बची पाई, म्हणजे आंबटगोड सारण भरून भाजलेली पोळी खाल्ली, दुसरी मागवली, आणि डेल्मारचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ धरून ठेवला. “डेल्मार, तुला मी शब्द देतो. पहिल्या दिवशी, पहिली सही. तुझा पूल. ते पेंडीचं मी मनावर घेतलेलं नाही.”

“मी मापात बोललो नव्हतो,” डेल्मार ओशाळून म्हणाला.

“छे, छे! आमच्या घरी बायकोला फार आवडलं ते.”

रात्रीच्या जेवणात डेल्मारने बायकोला, आर्डिसला, ही बातमी सांगितली. तिने बटाटे वाढता वाढता ऐकून घेतलं.

“पहिल्या दिवशी म्हणाला?”

“पहिल्या दिवशी, पहिली सही.”

“कुठल्या वर्षाच्या, ते विचारलंस?”

“आर्डिस, नऊ वर्षं आपल्या पक्षात राहून पूल मिळाला नाही. आता त्यांच्यात जाऊन बघतो.”

“त्यांच्यात जातोयस?”

“नाही ना. आपल्यातच राहायचंय. तीच तर अट आहे.”

आर्डिसने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. “डेल्मार, माझ्या बहिणीने एकदा घटस्फोट घेऊन त्याच घरात राहायचं ठरवलं होतं. तिला विचारून बघ.”

मे महिन्यात दोघांनी हात उंचावून फोटो काढून घेतले. जाहीरनाम्यात पहिलं कलम पुलाचं होतं. वर्तमानपत्रांनी स्वागत केलं. एक्क्याऐंशी टक्के आनंदित झाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवाल्यांच्या काउंटी शाखेने एकमताने ठराव केला, की विलो नदीवरचा पूल हा जनतेवर लादलेला अनावश्यक बोजा असून पक्ष त्याला प्राणपणाने विरोध करील.

शाखेचा अध्यक्ष होता गेलन श्टॉक. डेल्मारचा बालमित्र, दोघांची शेतं लागून, मुलांची लग्नं एकाच चर्चमध्ये. ठराव ऐकताच डेल्मार तडक त्याच्या गोठ्यात गेला.

“गेलन, नऊ वर्षं पुलाचा प्रस्ताव कोण मांडतंय?”

“आपण.”

“त्याचा मसुदा कुणी लिहिला होता?”

“मी. माझ्याच टाइपरायटरवर.”

“मग?”

“मग काय? आता पूल त्यांचा झाला ना,” गेलन गाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. “तूच नेऊन दिलास. मला काय हौस आहे विरोध करायची? माझा भाऊ पलीकडे राहतो. नऊ वर्षं झाली, त्याला मी दुर्बिणीतून हात करतो. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?”

हीटरवाल्यांकडेही आनंदीआनंद नव्हता. त्यांच्या जुन्या मंडळींनी टँडबर्गना विचारलं, की नऊ वर्षं आपण जो पूल पाडला तो खिडकीवाल्यांचाच ना? मग तो आता उभारायचा म्हणजे नऊ वर्षं आपण चुकलो असं होईल. आणि हीटरवाले नऊ वर्षं सलग चुकल्याचं पक्षाच्या इतिहासात उदाहरण नाही. टँडबर्गनी विचार करायला वेळ मागून घेतला.

डेल्मारने कॅसिडीला फोन केला. “खिडकीवाले पुलाविरुद्ध, हीटरवाले पुलाविरुद्ध. मग पुलाच्या बाजूने आहे कोण?”

“जनता,” कॅसिडी म्हणाली. “शंभरातली चौऱ्याण्णव माणसं. आजच आकडा आलाय.”

जूनमध्ये नवी अडचण उपटली. पाहणीत दिसलं, की डेल्मार टँडबर्गशी फारच गोडीगुलाबीने वागतो, त्यामुळे तो विकला गेला असावा असं मतदारांना वाटू लागलंय. आणि विकला गेलेला विरोधक घेऊन एकजूट कशी दाखवणार? एकजुटीला निदान दोन माणसं लागतात. तेव्हा समितीने ‘समन्वित मतभेद’ हा कार्यक्रम आखला. दर मंगळवारी सकाळी दहा ते सव्वादहा डेल्मारने टँडबर्ग यांच्याशी जाहीर असहमत व्हायचं. विषय समिती देणार. पहिल्या मंगळवारी विषय होता राज्याचा अधिकृत मासा. दुसऱ्या मंगळवारी घड्याळं एक तास पुढे करावीत की मागे. डेल्मार मन लावून असहमत झाला. तरी आकडे हलेनात.

“लोक म्हणतात, हे मतभेद खोटे वाटतात,” कॅसिडी वैतागून म्हणाली. “त्यांना काहीतरी खरं हवंय. ज्याने तुमचा जीव तळमळेल असं. आम्ही यादी तपासली, मिस्टर हॉवलंड, आणि असा तुमचा एकच विषय निघाला.”

डेल्मारच्या लक्षात आलं. “पुलाविरुद्ध मी बोलणार नाही.”

“विरुद्ध नाही हो. ‘व्हावा, पण घाई नको’ एवढंच.”

“नऊ वर्षं झाली! घाई?”

“मग शांतपणे म्हणा.”

“माझी नात पावणेसहाला घर सोडते, बाई. तिला शाळेतलं घड्याळ घरून दिसतं. मी तोंडातून असा शब्द काढणार नाही.”

बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला. डेल्मारने पुलाविरुद्ध बोलायचं नाही, आणि पुलाच्या बाजूनेही बोलायचं नाही. नोव्हेंबरपर्यंत ‘पूल’ हा शब्द उच्चारायचाच नाही. अशा रीतीने राज्यात पुलासाठी निवडणूक लढवणारा जो एकमेव माणूस होता, त्याला पुलाबद्दल बोलायला मनाई झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त बुक्के आकडेवारीसह होते. लोक दुकानात येऊन विचारत, “डेल्मार, त्याचं काय झालं?” आणि तो म्हणे, “नदीवरच्या त्या गोष्टीबद्दल मी प्रचारानंतर बोलेन.” गावात अफवा उठली, की डेल्मारला नदीत काहीतरी सापडलंय.

मग आला चार जुलै, स्वातंत्र्यदिन.

स्टॅव्हिगच्या मिरवणुकीचा एक नियम आहे, तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. मिरवणुकीत मधोमध घोडेस्वार मंडळाचे बावीस घोडे असतात. एक पक्ष घोड्यांच्या पुढे चालतो, दुसरा मागे. घोड्यांच्या मागे चालणं म्हणजे काय, हे ज्यांनी बावीस घोडे एकत्र पाहिलेत त्यांना सांगायला नको. म्हणून पक्ष दरवर्षी आलटून-पालटून जागा बदलतात. राज्यात दोन्ही पक्षांनी न मोडता पाळलेला करार हा एकच. त्याचा कागद चर्चच्या तिजोरीत आहे. त्या वर्षी पुढे खिडकीवाले होते आणि मागे हीटरवाले.

मिरवणुकीची सूत्रंही गेलन श्टॉककडेच असत. कॅसिडी त्याच्यासमोर उभी राहिली. या खेपेला बूट तपकिरी होते.

“एकजुटीची गाडी कुठे उभी करायची?”

गेलनने नियमांची वही चाळली. “टँडबर्ग हीटरवाला. तो मागे.”

“आणि मिस्टर हॉवलंड?”

“खिडकीवाला. तो पुढे.”

“पण ते एकाच गाडीत आहेत!”

“ते मला दिसतंय, बाई. मी काही त्यांना एका गाडीत बसवलेलं नाही.” गेलनने पेन्सिल कानावर खोवली आणि सभ्यपणे बराच विचार केला. “पुढेही नाही, मागेही नाही. नियमाने उरते ती मधली जागा.”

म्हणून एकजुटीची गाडी बावीस घोड्यांच्या मधे चालली. अकरा पुढे, अकरा मागे. टँडबर्ग हात हलवत होते, डेल्मार पोरांना गोळ्या फेकत होता. पुढच्या घोड्यांनी आपला कार्यक्रम रीतसर पार पाडला, मागच्या घोड्यांना गोळ्या आवडल्या, आणि पांढऱ्या डागांच्या एका पिंटो घोड्याने टँडबर्ग यांची टोपी चावून बघितली व नाकारली. पण रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं; ते सगळंच काही वासामुळे नसावं. “देशाला हेच हवंय!” कुणी ओरडलं. मर्ना कॅफेच्या दारातून धावत आली आणि तिने डेल्मारच्या हातात गरम पाई ठेवली. “तुझ्यासारखी दहा माणसं असती ना, डेल्मार!” ती म्हणाली. “पैसे नको देऊ.”

स्टॅव्हिगमध्ये मर्ना कुणालाही फुकट पाई देत नाही. डेल्मारच्या मनात पहिल्यांदाच आलं, की आपण निवडून येतोय.

ऑक्टोबरमध्ये मतपत्रिकेचा नमुना आला. या राज्यातली मतपत्रिका दोन भागांत असते. सगळ्यात वर दोन मोठे गोल, एक खिडकीवाल्यांचा, एक हीटरवाल्यांचा. आपल्या पक्षाचा गोल शाईने भरला, की गव्हर्नरपासून गटार निरीक्षकापर्यंत त्या पक्षाच्या झाडून सगळ्या उमेदवारांना मत पडतं. त्याखाली, कुणाला वाचायची हौस असेल तर, नावंही छापलेली असतात. गव्हर्नर आणि उपगव्हर्नर यांना जोडीने एकच रकाना, आणि तो रकाना गव्हर्नरच्या पक्षात. म्हणजे डेल्मार हॉवलंड, तिसऱ्या पिढीचा खिडकीवाला, हीटरवाल्यांच्या यादीत छापला गेला होता. जो कुणी खिडकीवाल्यांचा गोल भरील, त्याचं मत डेल्मारच्या विरुद्ध पडणार होतं.

“स्टॅव्हिगमधे सगळे तोच गोल भरतात,” डेल्मार कॅसिडीला म्हणाला. “जन्मापासून.”

“या वेळी नावं वाचतील.”

“वाचतील?”

“एक्क्याऐंशी टक्के,” कॅसिडी म्हणाली. पण तिचा आवाज जरा पडला होता. अलीकडे तिला परिशिष्टाची स्वप्नं पडत.

डेल्मारने कंबर कसली. त्याने दुकानाच्या दारावर पाटी लावली: ‘गोल भरू नका. नावं वाचा.’ प्रत्येक पोत्यावर तसा कागद चिकटवला. तो घरोघर गेला. चष्मा नसलेल्यांना त्याने चष्मे नेऊन दिले. रविवारी चर्चच्या प्रार्थनेनंतर उभं राहून त्याने नमुना मतपत्रिका वर धरली आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. “गोल?” “नको!” “नावं?” “वाचा!” पाद्रीबुवांनी नंतर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की दहा आज्ञांच्या वेळी एवढा जोर लागत नाही.

गेलनही म्हणाला, “डेल्मार, शाखेच्या ठरावाचं सोड. पडद्याआड माणूस एकटा असतो.”

मतदानाचा दिवस. केंद्र चर्चच्या तळघरात, म्हणजे नदीपलीकडे. डेल्मार आणि आर्डिस छत्तीस मैल गाडी हाकत गेले. वाटेत डेल्मारने आर्डिसला पुन्हा एकदा समजावलं. ती म्हणाली, “अरे, मी शाळेत होते. मला वाचता येतं.” रांगेत सगळं गाव होतं. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता, डोळा घालत होता. मर्ना ओरडली, “नावं वाचा, रे!” आणि सगळे हसले.

डेल्मार पडद्याआड गेला. तळघराच्या उंचावरच्या खिडकीतून त्याला पूल दिसत होता, या बाजूने, नऊ वर्षांत क्वचितच दिसलेला. कठड्याच्या फटीत झुडूप उगवलं होतं. इथून आपल्या घरापर्यंत टेसा धावत किती मिनिटांत पोचेल, असा तो हिशेब करत होता. चार मिनिटं? दप्तर असेल तर पाच. हिशेब होईपर्यंत मतपत्रिका भरून झाली होती. चाळीस वर्षांचा सराव. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्याने ती यंत्रात सरकवली, ‘मी मत दिलं’ असं लिहिलेला बिल्ला कोटाला चिकटवला आणि कॉफी घ्यायला गेला.

आता वर काढून टाकलेलं वाक्य इतिवृत्तात परत घ्यायला हरकत नाही. डेल्मार हॉवलंड पडला. टँडबर्ग अर्थातच त्याच्यासोबत पडले, आणि पहिल्या दिवसाची पहिली सही दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कशावर तरी केली. हीटरवाले घरीच बसले, त्यांनी मत दिलं नाही, कारण डेल्मार खिडकीवाला होता. खिडकीवाल्यांनी दिलं नाही, कारण तो हीटरवाल्यांच्या यादीत होता. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं, तेव्हा एक्क्याऐंशी टक्क्यांनी सांगितलं, की एकजूट व्हायला हवी होती, लोकांनी संधी घालवली.

दोन दिवसांनी केंद्रवार आकडे लागले. स्टॅव्हिगच्या केंद्रावर चारशे एकतीस जणांनी मतदान केलं होतं. त्यात टँडबर्ग-हॉवलंड जोडीला मिळालेली मतं: एक.

डेल्मार मर्नाच्या कॅफेत शिरला. मग मर्ना काउंटरमागून बाहेर आली आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाली, “ते एक मत माझं, बरं का. बाकीच्यांची मला लाज वाटते.”

दुपारी पाद्रीबुवा दुकानात आले. “डेल्मार, मी हे सांगायला नको. पण तुला वाईट वाटू नये म्हणून सांगतो. ते मत माझं.”

संध्याकाळी गेलन आला. त्याला बोलणं जड जात होतं. “शाखेत कळलं तर अध्यक्षपद जाईल माझं. पण दोस्तीपुढे काय? ते मत...”

“तुझं,” डेल्मार म्हणाला.

“तुला कसं कळलं?” गेलनचे डोळे भरून आले.

डेल्मार हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत गेला. आठवड्याभरात गावातल्या प्रत्येक मतदाराने त्याला एकट्याला गाठून, आवाज खाली करून, ते एक मत आपलं असल्याचं सांगितलं. काहींनी शपथा घेतल्या. एका बाईने रडून सांगितलं. टपालाने सात पत्रं आली. रविवारपर्यंत दावेदार झाले चारशे एकोणतीस. जेवताना आर्डिस म्हणाली, “उगाच लोकांवर चिडू नकोस. ते मत माझं होतं हे तुला ठाऊकच आहे.” चारशे तीस.

“एवढे सगळे खोटं बोलतात, आर्डिस!” डेल्मारने चमचा आपटला. “महिनाभर घसा फोडला मी. गोल भरू नका, नावं वाचा. एका माणसाला वाचता आली नाहीत नावं? किती असतात? तेवीस! सगळी वाचून, शोधून, एकेक चौकट भरायला दहा मिनिटं लागतात फार तर.”

“तुला किती लागली?”

“मला? मला तर अर्धं मिनिटसुद्धा...”

तो थांबला. आर्डिसने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. कोटावरचा ‘मी मत दिलं’ बिल्ला अजून तसाच होता. डेल्मार त्याच्याकडे बघत राहिला. मग तो उठला, वही घेतली, चारशे तिसावं नाव लिहिलं, खाली चारशे एकतीस असा आकडा घातला, आणि त्यापुढची जागा कोरी सोडली.

आता या घडीला वाचकाच्या मनात काय आलंय ते आम्हाला ठाऊक आहे. आपण त्या गावात असतो, तर पक्ष बघितला नसता, गोल भरला नसता, नावं वाचली असती, आणि ते एक मत आपलंच असतं. तशी नोंद घेतली आहे. वाचकाचा क्रमांक चारशे एकतीस. जागा कोरीच होती.

दुसऱ्या दिवशी डेल्मारने काउंटीच्या निवडणूक कचेरीला जो अर्ज पाठवला, त्याची प्रत फायलीत आहे, ती अशी:

‘प्रति, निवडणूक अधिकारी. विषय: मतपत्रिका तात्पुरती परत मिळणेबाबत. महोदया, खाली सही करणार अर्जदार गेल्या निवडणुकीत उमेदवार व मतदार अशा दोन्ही नात्यांनी हजर होता. मतदान करताना अर्जदाराच्या हातून, अर्जदाराला न विचारता, वरचा गोल भरला गेला आहे. तरी सदर मतपत्रिका पेटीतून शोधून अर्जदारास परत देण्यात यावी, ही विनंती. तिच्यावर नाव नाही, परंतु गोल नीटनेटका भरलेला आहे, त्यावरून ओळखू येईल. दुरुस्ती करून ती त्याच दिवशी आणून देतो. पूल बंद असल्याने छत्तीस मैलांचा वळसा पडतो. सबब जाऊन-येऊन दोन तासांची सवलत असावी. आपला विश्वासू, डेल्मार हॉवलंड.’